गुंजसाहेबांचा बिनमातीचा पालक

गुरुवारी भाजीची गाडी आली, भाजीवाल्यानं एक जुडी पुढे करून "पालक" असं म्हटलं, म्हणून तो पालक मानायचा. एरवी ओळख पटावी असं त्यात काही उरलं नव्हतं. तेवीस किलोमीटरचं ऊन खाऊन आलेली ती पानं गुंजसाहेबांच्या बाईंनी ताटलीत पसरली, वर पाणी शिंपडलं आणि ती शुद्धीवर येतात का ते बघत बसल्या. नेमकी त्याच दिवशी लेक घरी आलेली होती.

"आई, तू हे खाणार?"

"शिजल्यावर कळत नाही गं."

लेकीनं पर्समधून रक्ताचा रिपोर्ट काढला आणि तो आईला न दाखवता वडिलांसमोर ठेवला. आईचं रक्त कमी झालेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, शिवाय रोज ताजी पालेभाजी खायला सांगितलं होतं.

"रोज म्हणजे रोज, बाबा. गुरुवारच्या गुरुवारी नव्हे. आमच्या घराखालीच भाजीबाजार आहे. बास झालं आता हे माळावर राहणं. दोघंही तिकडे चला."

बाईंनी पानांवर आणखी थोडं पाणी शिंपडलं. गॅलरीतून चांदण्या मोजायची सवय लागलेल्या माणसाला भाजीबाजाराच्या वर नेऊन ठेवलं तर काय होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते गुंजसाहेबांनी बघितलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

गुंजसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं ते निरीक्षक होते. गुंज म्हणजे पूर्वी सोनाराच्या तराजूत पडायचं ते इवलंसं बी; तेवढासुद्धा फरक हा माणूस सोडत नाही, म्हणून व्यापारी आधी त्यांच्या पाठीमागे आणि पुढे तोंडावरही त्यांना गुंजसाहेब म्हणू लागले. त्यांना ते पदवीसारखं वाटे. एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचा तराजू जप्त केला आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच घरी ठरल्याप्रमाणे जेवायला गेले. त्यांना तिथं काय वाढलं गेलं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. निवृत्त झाल्यावर घरासाठी हा माळ निवडण्याचं कारणही हेच होतं. जिथं बाजार नाही तिथं खोटं मापही नाही. फक्त जमीन अशी, की पहार मारली तर ठिणगी उडे, आणि बोअरचं पाणी इतकं जड, की किटलीच्या आतून दुसरी किटली तयार होई. बाईंनी सात वर्षांत त्या जमिनीत नऊ प्रकारचं बी पेरलं होतं. उगवले ते दगड.

"पालेभाजी इथंच होईल," गुंजसाहेब म्हणाले. "घरात. पाहुण्यांच्या खोलीत. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर."

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं छताकडे बघितलं.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "अडीच महिन्यांनी येते. येताना सामानासाठी रिकामी खोकी आणते. त्या दिवशी आईच्या ताटात याच घरात उगवलेला ताजा पाला दिसला, तर खोकी तशीच परत नेईन. नाही दिसला तर भरून नेईन. आणि खरं सांगू का बाबा? मला पाल्याची तेवढी काळजी नाही. उद्या इथं काहीतरी बिनसेल आणि तुम्ही म्हणाल, सगळं बरोबर आहे, माझं मोजून झालंय. आयुष्यात एकदा तरी तुम्ही म्हणालात का, माझं चुकलं म्हणून?"

"चुकलो असतो तर म्हणालो असतो," गुंजसाहेब म्हणाले.

यावर लेक गाडीत जाऊन बसली.

आता या माणसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. घरात मोबाइलला रेंज नव्हती. ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभं राहिल्यावर येई. सहासष्टाव्या वर्षी गुंजसाहेब डोक्याला उपरणं गुंडाळून रोज दोन तास त्या झाकणावर उभे राहिले आणि बिनमातीच्या शेतीचे सगळे व्हिडिओ वहीत उतरवून घेत खाली आले. आडवे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत रोपं. खाली टाकी, टाकीत पंप, पंपानं खतपाणी वर चढायचं आणि मुळांना भिजवत पुन्हा टाकीत उतरायचं. वर दिवे, कारण खोलीत ऊन नाही. इतकं सोपं असताना लोक शेतात का जातात, असा त्यांना प्रश्न पडला.

भोकं पाडायला त्यांना चार दिवस लागले. दोन भोकांतलं अंतर वीस सेंटिमीटर, म्हणजे वीसच. एक भोक वीसच्या पुढे दोन मिलिमीटर गेलं, तर त्यांनी तो अख्खा पाइप बाद केला. मग पाइप स्टँडवर चढवून त्यावर पातळी ठेवली, तर बुडबुडा एका कडेला पळाला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगण खरोखरच वाकडं निघालं. खोलीची फरशी पूर्वेकडे दोन बोटं उतरती होती. ज्या गवंड्यानं ती घातली, त्याच्याशी फोनवर भांडायला ते पुन्हा टाकीवर चढले. नंतर तीन दिवस लाकडाच्या चकत्या तासून स्टँडच्या पायांखाली सरकवत त्यांनी पाइप इतके सरळ केले, की बुडबुडा मधोमध येऊन ध्यान लावून बसला.

पंप सुरू केला. पाणी पाइपात चढलं आणि तिथंच थांबलं. मग भोकांतून वर आलं. मग फरशीवर उतरलं, आणि पूर्वेकडच्या दोन बोटांच्या उतारानं दिवाणखान्यात शिरलं.

शेजारचे शेळीवाले काका तेव्हा दारात उभे होते. शेजार म्हणजे सव्वा किलोमीटर. त्यांच्या बावीस शेळ्या होत्या आणि प्रत्येक विषयावर एक मत होतं.

"साहेब, एक विचारू? पाइप एकदम सरळ का केलेत?"

"सरळच पाहिजेत."

"पण पाण्याला उतार नको का? उतार असल्याशिवाय ते जाईल कसं? आमच्या शेळीलाही कळतं हो, पाणी खाली जातं ते."

गुंजसाहेब बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. गवंड्याची चूक तशीच राहू दिली असती तर पाणी पहिल्याच दिवशी झुळझुळ वाहिलं असतं. त्यांनी एका बाजूच्या चकत्या काढल्या, पण चुकलं असं ते म्हणाले नाहीत. "दुरुस्ती केली," एवढंच म्हणाले. बाई तोवर दिवाणखाना पुसत होत्या.

दिव्यांचं प्रकरण वेगळं. वायरमन आला, सोळा दिवे मोजले आणि म्हणाला, एवढा भार चढवायचा तर अर्ज करावा लागेल. गुंजसाहेबांना अर्ज करण्याचा मुळीच कंटाळा नव्हता. वीज कार्यालयात अर्जावर तीन चौकोन होते: घरगुती, शेती, कारखाना.

"शेती," गुंजसाहेब म्हणाले.

"जमीन किती?" कारकुनानं विचारलं.

"जमीन नाही."

"मग पीक येतं कशात?"

"पाण्यात."

"म्हणजे मासे?"

"पालक."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "विकणार का?"

"बायकोला खायला घालणार."

"मग घरगुतीवर खूण करा की साहेब!"

"पण ती शेती आहे. मी खोटं लिहून देणार नाही."

अखेर त्यांनी खिशातली फूटपट्टी काढली, तीन चौकोनांशेजारी त्याच मापाचा चौथा चौकोन आखला, समोर 'घरातील शेती' असं लिहिलं आणि त्यावर खूण केली. असं म्हणतात, की कारकुनानं तो अर्ज टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला. तीन महिन्यांची तात्पुरती मंजुरी मात्र त्यानं दिली. एवढ्या सरळ रेघांच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं तो म्हणाला.

दिवे लागले आणि संध्याकाळी खिडकीतून सगळ्या माळावर गुलाबी उजेड पडला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या पोस्टमननं बातमी आणली, की खाली वस्तीत निम्मे लोक म्हणतात साहेबांनी फोटो स्टुडिओ काढला आणि निम्मे म्हणतात सरकारी प्रयोगशाळा. "मी सांगितलंय त्यांना, दोन्ही नाही. माणूस निवृत्त झाला की असं होतंच."

आता खरा पेच उरला होता. पाण्याचा सामू सांभाळायला हवा होता. सामू म्हणजे पाणी आंबटाकडे झुकलंय की खाराकडे, हे सांगणारा आकडा. पालेभाजीला तो सहाच्या आसपास लागतो. त्यासाठी पेनाएवढं एक मीटर टपालानं आलं होतं, त्याच्या टोकाला काचेचा नाजूक फुगा होता. बाईंनी ते टाकीत बुडवायला घेतलं, तर गुंजसाहेबांनी हात धरला.

"याच्यावर शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा! चौतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, शिक्का नसलेलं माप वापरू नका. आणि माझ्याच घरात?"

मीटर त्यांच्या जुन्या कार्यालयात रवाना झालं. चार दिवसांनी उत्तर आलं: सदर उपकरण कोणत्याही यादीत बसत नाही, सबब परत. गुंजसाहेबांनी पुन्हा पाठवलं, सोबत पाच पानांचं पत्र. कार्यालयात नवे साहेब होते, ते हसले आणि रजेवर गेले. पण तिथला जुना शिपाई गुंजसाहेबांच्या हाताखाली बावीस वर्षं राबलेला होता. साहेबांची वस्तू बिनशिक्क्याची परत जाणं त्याच्या जिवाला लागलं. त्यानं पोलादी ठसा काढला, मीटर ऐरणीवर ठेवलं आणि लोखंडी वजनांवर मारतो तसा हातोडीचा एक भरघोस घाव घातला. ठसा असा सुरेख उठला, की गुंजसाहेबांनी ते मीटर हातात घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी ते टाकीत बुडवलं. आकडा आला: सहा.

"बघितलंस?" ते बाईंना म्हणाले. "पहिल्याच फटक्यात!"

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मीटर बुडे, आकडा सहा येई, वहीत 'सामू' या रकान्याखाली ६.० लिहिलं जाई आणि गुंजसाहेब खुशीत चहा पीत. पण तिसऱ्या आठवड्यात रोपांची नवी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग फिकट. शेळीवाले काका म्हणाले, लेंड्या घाला. पोस्टमन म्हणाला, गाणी लावा, कुठंसं वाचलंय. गुंजसाहेबांनी दोघांनाही वही दाखवली.

"आकडा सहा आहे. पाणी बरोबर आहे. म्हणजे पालक चुकतोय."

असं म्हणाले खरे, पण त्या दिवसांत त्यांचं जेवणात लक्ष नसे. एकदा त्यांनी बाईंना विचारलं, "तिकडे लेकीच्या गॅलरीतून आभाळ दिसतं का गं?" बाई म्हणाल्या, "बोटभर दिसतं. तुम्ही मोजलं तर जास्त निघेल कदाचित."

त्याच गुरुवारी बाईंनी भाजीच्या गाडीवरून एक लाल कोबी आणि डझनभर लिंबं घेतली. पुढच्या गुरुवारीही. लाल कोबी घरात कोणाला आवडत नसे, आणि तो ताटात आलाही नाही. पण गुंजसाहेबांचं लक्ष पालकावर होतं. आठ-दहा दिवसांत पानांचा पिवळेपणा कमी झाला, नवी पानं हिरवीगार फुटली, आणि पस्तिसाव्या दिवशी बाईंनी पहिली मूठभर पानं खुडली. मग रोजच. गुंजसाहेबांनी मीटरला मखमली कापडाची पिशवी शिवून घेतली.

लेक यायच्या दिवशी सकाळी ते टाकी घासत होते. कानावर ठेवलेलं मीटर सटकून धुण्याच्या सोड्याच्या बादलीत पडलं. त्यांनी घाईघाईनं बाहेर काढलं आणि सवयीनं आकडा बघितला. सहा.

सोडा म्हणजे खाराचा बाप. त्यांनी मीटर पुसलं आणि चहात बुडवलं. सहा. लिंबाच्या फोडीत खुपसलं. सहा. शेवटी ते हवेत धरून उभे राहिले. माळावरच्या हवेचाही सामू सहाच निघाला. काचेच्या फुग्याला नखाएवढी चीर होती आणि ती थेट शिक्क्यापासून निघाली होती.

ते स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर सहा छोटे ग्लास होते, त्यांत जांभळं पाणी, आणि बाई एका ग्लासात टाकीतलं पाणी चमच्यानं टाकत होत्या. ते निळं झालं.

"हे काय?"

बाईंनी नवऱ्याच्या हातातलं मीटर बघितलं आणि त्या समजल्या. "लाल कोबीचं पाणी. शाळेत शिकवायचे तेव्हा चौथीच्या वर्गात दरवर्षी हा प्रयोग करून दाखवायचे मी. आंबट पडलं की गुलाबी होतं, खार पडला की निळं, मग हिरवं. तुमच्या टाकीतलं पाणी रोज निळं यायचं. आपल्या बोअरचा गुणच तो. मग जांभळं होईपर्यंत मी टाकीत लिंबू पिळायचे."

"किती?"

"जांभळं होईपर्यंत."

"म्हणजे किती थेंब?"

"मोजले नाहीत."

गुंजसाहेब स्टुलावर बसले. म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सहाचा आकडा लिहून इतक्या आनंदानं चहा प्यायचात. आणि मलाही इथून जायचं नव्हतं हो. भांडण्यात दिवस घालवले असते, तर पालक राहिला असता तसाच पिवळा." मग त्या मऊपणानं म्हणाल्या, "आता कोणाला सांगत बसू नका. ती ताट बघायला येतेय, मीटर नाही."

व्यवहारानं बघितलं तर बाईंचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. पालक हिरवा होता, पैज जिंकल्यात जमा होती, गप्प बसायला काही कष्ट नव्हते. पण मेव्हण्याचा तराजू जप्त करणारा हा माणूस. तो तासभर ओसरीवर बसून काहीतरी लिहीत राहिला.

लेक दुपारी आली. गाडीच्या मागच्या सीटवर रिकामी खोकी रचलेली होती. जेवायला शेळीवाल्या काकांनाही बोलावलं होतं, का ते त्यांना कळलं नव्हतं. लेकीनं आईच्या ताटातलं एक कच्चं पान उचलून खाल्लं आणि थांबली. "आई, हा तर न शिजवताही कळतोय! बाबा, मानलं तुम्हाला. जिंकलात तुम्ही."

गुंजसाहेब उभे राहिले आणि त्यांनी कागद उलगडला.

"पंचनामा. मी, खाली सही करणार, आज सकाळी स्वतःच्या घरी तपासणी केली असता एक मीटर मिळून आले. सदर मीटर सोडा, चहा, लिंबू व हवा यांत एकच आकडा दाखवते. सदर मीटर खोटे आहे. ते माझ्याच हट्टामुळे खोटे झाले. त्यावर विसंबून मी सत्तेचाळीस दिवस खोटी नोंद केली. घरातील पालक माझ्या पत्नीने, लाल कोबी व लिंबू वापरून, मी घरात असतानाही वाढवला." इथं त्यांनी चष्मा सारखा केला. पुढची ओळ वाचायला त्यांना वेळ लागला. "चूक माझी आहे. मीटर जप्त केले आहे."

शेळीवाल्या काकांचा घास हातातच राहिला होता. लेक वडिलांकडे असं बघत होती, की जणू ते आत्ताच दारातून पहिल्यांदा आत आले होते.

"आता दुसरा कागद," गुंजसाहेब म्हणाले. "तो तपासणीशिवाय देता येत नाही."

त्यांनी बाईंना पाठमोरं बसवलं आणि सात पेल्यांत सात पाणी तयार केली: लिंबाचं, साधं, सोड्याचं, टाकीतलं, आणखी मिसळलेली. बाईंनी वळून प्रत्येकात कोबीचं पाणी टाकलं आणि सातही पेले आंबटापासून खारापर्यंत ओळीनं लावले. एकही चुकला नाही. गुंजसाहेबांनी दोनदा पडताळून पाहिलं आणि मग उभ्यानं वाचलं: "तफावत आढळली नाही. प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष. फेरपडताळणी दरवर्षी, जागेवर, याच घरी."

"एकच वर्ष?" बाई म्हणाल्या.

"नियम आहे."

पंच म्हणून शेळीवाल्या काकांनी दोन्ही कागदांवर सही केली. दुसरा पंच हवा होता. लेकीनं कागद पुढे ओढला, 'याच घरी' या शब्दांवर बोट ठेवून ते पुन्हा वाचले, डोळे पुसले आणि पेन मागितलं.

"पुढच्या वर्षी याच तारखेला येईन मग," सही करता करता ती म्हणाली. "पंचाला यावंच लागतं ना?"

"कायद्यानं," गुंजसाहेब म्हणाले.

रिकामी खोकी शेळीवाल्या काकांनी करडांना निजवायला नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाईंनी ग्लास पुढे धरला आणि गुंजसाहेबांनी चष्मा लावून नीट बघितलं. मग वही उघडली, आणि सत्तेचाळीस वेळा ६.० लिहिलेल्या रकान्यात त्यांनी पहिल्यांदाच आकड्याऐवजी शब्द लिहिला: जांभळा.